पूर्ण काळा करावा

सीलबंद पाकीट साडेदहाला फोडलं
दोन साक्षीदारांसमोर, नियमाप्रमाणे :
फिरके सर, आणि खिचडी शिजवणाऱ्या मावशी.
मावशींच्या बोटाला हळद होती,
ती सहीबरोबर पाकिटावर उतरली.
हळदीसाठी रकाना नव्हता.

सावद्याहून सात किलोमीटर. सहावीचा वर्ग.
पट तीस, हजर चोवीस.
बाकीचे बागेत, आज कापणी.

मी डी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला.
गळ्यात ओळखपत्र, त्यावर ‘क्षेत्रीय अन्वेषक’,
भत्ता किती ते अजून कळवलेलं नाही.
मी सूचना वाचून दाखवल्या.
चारपैकी एकच गोल. काळं पेन. खाडाखोड नाही.
गोल पूर्ण काळा करावा.
ही तुमची परीक्षा नाही, घाबरू नका.
मग कुणाची, ते पत्रकात नव्हतं
म्हणून मीही सांगितलं नाही.

सरांनी महिनाभर सराव घेतला होता,
झेरॉक्स स्वतःच्या खिशातून.
बाकांवर गोल, भिंतीवर गोल,
कुणाच्या चपलेच्या पट्ट्यावर,
कुणाच्या गुडघ्यावर, जुन्या खरचटलेल्या जागेभोवती.
सगळे पूर्ण काळे.

प्रश्न सतरा.
एक डझन केळ्यांची किंमत अठ्ठेचाळीस रुपये,
तर पाच केळ्यांची किंमत किती?

मागून सायबू तडवी :
‘मॅडम, डझनात किती फन्या?’
मी सूचना क्रमांक नऊ पाहिली.
‘मॅडम, पाच केयी कोन ईकत घेतं?’
वर्ग हसला नाही.
वर्गालाही तेच विचारायचं होतं.
खिडकीबाहेर ट्रक भरत होता,
घडावर घड, मध्ये पानं,
आणि काट्यापाशी कुणीतरी
क्विंटलमध्ये ओरडत होतं.

बारा, एवढं मी म्हणू शकले असते.
दोन अक्षरं.
मी म्हटलं, ‘जमेल तसं सोडव.’
त्यानं पेन वीस रुपयांपाशी नेलं, थांबवलं,
मागे आणलं,
आणि समासात लिहिलं : फुकट.
समास मशीन वाचत नाही.

पहिल्या बाकावर कोकिळा बारेला.
गावाच्या तोंडात ळ नाही,
म्हणून तिला हाक कोकिया.
तिला वाचता येत नाही, हे सरांनी
माझ्या कानाशी येऊन सांगितलं,
स्वतःचंच दुखणं सांगावं तसं.
पण तिचे गोल!
रेघेबाहेर एक ठिपका नाही.
जिभेचं टोक ओठावर धरून
अ, क, ब, ड, ब, क, अ,
गोधडीवर टाका धावावा तशी
पानभर खाली उतरली एक नागमोडी वाट.
वीस मिनिटांत संपलं तिचं.
मग विचारलं, अजून एक कागद हाये का.

आठवीत, शिष्यवृत्तीच्या पेपरात,
जिथं मला काहीच येत नव्हतं
तिथं मी सगळीकडे ब लावला होता.
यादीत नाव आलं. बाबांनी पेढे वाटले.
हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

साडेबाराला पाकीट पुन्हा बंद.
लाख नव्हती, सेलोटेप लावला,
हळदीचा डाग टेपखाली गेला.

फाटकापाशी सायबू उभा, हातात एक फणी.
‘मॅडम, मंग डझनात किती?’
‘बारा.’
त्यानं बोटानं मोजली, चौदापर्यंत गेला,
परत पहिल्यापासून मोजली.
‘मंग आमची फनी मोठी हाये,’ म्हणाला,
आणि ती माझ्या पिशवीत घातली.
मी किंमत विचारली नाही.

एसटीला अवकाश होता.
पेनं मोजली : तेवीस.
‘वाटप केलेले साहित्य परत’ यापुढे
मी चोवीस लिहिलं.
शाळेच्या पायरीवर कोकिया बसली होती
डावा तळहात उघडून, मान खाली घालून.